‘वहिनी, तूच आणलास तो घरात’

‘मी आशा सेविका. 2021च्या मेमध्ये सासूबाई कोरोनानं गेल्या. तेव्हा मी घरोघर तपासणीला जायचे. परतल्यावर मागच्या न्हाणीत आंघोळ करून पडवीत निजायचे, लेकालाही जवळ घेत नव्हते. यंदा श्राद्धाला नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, “वहिनी, तूच आणलास तो घरात.” नवरा गप्प बसला. तेव्हापासून झोप नाही. रजिस्टर उघडलं की हात थरथरतात.’

ताई,

‘तुम्ही नाही हो आणलात,’ असं मी लिहिणार नाही. तुमचा विश्वास बसायचा नाही, आणि मला ते ठाऊकही नाही. पण ठाऊक नणंदेलाही नाही. लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही तो पसरायचा. लागण झाल्यावर ताप यायला कुणाला दोन दिवस लागले, कुणाला चौदा. त्या पंधरवड्यात तुमच्या घरातून किराण्याला कोण गेलं, डेअरीवर कोण, मयतीला कोण? कुणी लिहून ठेवलं नाही. तुमची फेरी तेवढी रजिस्टरात होती, म्हणून बोट तुमच्याकडे.

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ असं सांगत 2020च्या सप्टेंबरात ऑक्सिमीटर देऊन दारोदार पाठवलं तेही तुम्हालाच. केंद्राचा जादा मोबदला महिन्याला हजार रुपये! 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला, तो तुमच्या ओसरीपर्यंत काही पोचलेला दिसत नाही.

नणंदेची आई गेली आहे. तिच्याशी वाद घालू नका. ती सासरी होती, तुमची पडवी तिनं पाहिली नाही. नवऱ्यानं रोज पाहिली. खरं सांगू? माझा राग त्यांच्यावर जास्त आहे. दोघंच असाल तेव्हा एवढंच म्हणा, “मी पडवीत का निजायचे, ते वन्संना तुम्ही सांगा.” पुढे रडू आलं तर येऊ दे, पण वाक्य मागे घेऊ नका.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. उपकेंद्रात सगळी ओळखीची माणसं, तिथं संकोच वाटणारच. 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. गावात हा नंबर बहुधा तुम्हीच वाटला असेल.

नवरा काय म्हणाला, ते कळवा.