सांताचा लाल झगा कोणी शिवला?

नाताळ जवळ आला की ‘अमुक प्रथा मुळात तमुकांची’ असे फॉरवर्ड फिरू लागतात. या वेळचे बहुतेक प्रश्न त्यांतूनच आलेले आहेत.

सांताक्लॉजचा लाल वेश कोकाकोलाने जाहिरातीसाठी काढला, हे खरं का? – एक वाचक, पुणे

नाही. चित्रकार हॅडन सनब्लॉमने कोकाकोलासाठी सांता रंगवायला सुरुवात केली १९३१ साली. त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, ‘पक’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर सांता लाल झग्यात झळकला होता. ढेरपोट्या, पांढऱ्या दाढीचा आजोबा ही ठेवण तर व्यंगचित्रकार थॉमस नास्टची. त्याचं गाजलेलं चित्र १८८१ चं.

या सगळ्यामागे उभे आहेत चौथ्या शतकातले बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून तीन मुलींची लग्नं अडली होती; निकोलस यांनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. (हुंड्याची कथा आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.) १०८७ मध्ये इटलीतल्या बारीच्या खलाशांनी त्यांच्या अस्थी मायराहून उचलून नेल्या. डच लोकांनी या संताला ‘सिंटरक्लास’ म्हणून जपलं आणि अमेरिकेत त्याचा सांता झाला. आठ रेनडियरची गाडी त्याला १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात छापून आलेल्या निनावी कवितेने दिली.

धंद्याचा हात शोधायचाच असेल तर तो नवव्या रेनडियरपाशी सापडेल. लाल नाकाचा रुडॉल्फ १९३९ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने गिऱ्हाइकांना फुकट वाटलेल्या पुस्तिकेतून आला.

२५ डिसेंबर हा मूळचा सूर्यदेवाचा सण चर्चने बळकावला ना? – एक वाचक, नागपूर

इतकं सोपं नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलातल्या चार पुस्तकांत, त्याच्या जन्माची तारीखच नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी भक्कम नोंद रोममधल्या, इ.स. ३५४ च्या, दिनदर्शिका आणि याद्यांच्या एका संग्रहात मिळते. तिचं मूळ ३३६ पर्यंत जातं. गंमत अशी, की त्या दिवशी ‘अजिंक्य’ सूर्याचा जन्मदिन असल्याचा जुन्यात जुना पुरावाही याच संग्रहात आहे! मग कोणी कोणाचं घेतलं?

दुसरा धागाही आहे. येशूला क्रुसावर दिलं ती तारीख २५ मार्च, असं टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. २०० च्या सुमारास लिहून ठेवलं होतं. मरियेला गर्भ राहिला तोही हाच दिवस, असं पुढे मानलं गेलं. त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. मला हा हिशेब जास्त पटतो, पण रोममधल्या सूर्यपूजेचा वारा त्याला लागलाच नाही, असंही मी म्हणणार नाही.

अमेरिकेत नाताळावर बंदी होती म्हणतात! – एक वाचक, न्यू जर्सी

होती. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कर्मठ प्रोटेस्टंट) वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केल्यास पाच शिलिंग दंड होता. ज्या दिवसाला बायबलात आधार नाही तो पाळायचा कशाला, हा त्यांचा सवाल.

आणि झाड? ते तरी प्राचीन असेल! – एक वाचक, वसई

फार नाही. कागदपत्रं सोळाव्या शतकातल्या आल्सास प्रांतापाशी (आता फ्रान्समध्ये) थांबतात. १६०५ च्या सुमाराला स्ट्रासबूर्गमधल्या घरांत कागदी गुलाब आणि सफरचंदं लावलेली झाडं उभी राहत, असं वर्णन आहे. २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस. सफरचंदं बहुधा तिथूनच आली. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापून आलं आणि इंग्रजांच्या घराघरांत झाड पोचलं.

गोव्यात ‘तीन राजांचं’ फेस्त असतं. हे राजे कोण? – एक वाचक, सावंतवाडी

मत्तयच्या शुभवर्तमानात ते राजे नाहीत, आणि तीनही नाहीत. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, एवढंच आहे. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसंही तीन ठरली; मुकुट आणि नावं नंतरची. तुम्हाला तर हे जवळच आहे. ६ जानेवारीला मांडवीकाठच्या रेइश मागुशला किंवा दक्षिण गोव्यातल्या कासावलीला जा. कासावलीत तीन गावांतले तीन मुलगे राजे बनून घोड्यांवरून टेकडीवरच्या चॅपेलला जातात.