पिंड शिक्षकाचा

प्रश्न : निवृत्त होणाऱ्या सहकारी बाईंसाठी मी मानपत्र लिहिले. त्यात ‘त्यांचा पिंड शिक्षकाचा’ असे वाक्य होते. पिंड म्हटले की श्राद्ध आठवते, असे म्हणत एका ज्येष्ठांनी ते खोडून ‘त्या उपजत शिक्षिका’ असे केले. योग्य काय?

उत्तर : तुमचेच वाक्य योग्य होते. ते खोडले गेले याचे मला खरोखर वाईट वाटले.

पिंड म्हणजे मुळात गोळा. श्राद्धातला भाताचा गोळा पिंड, तसा देहही पिंडच. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ म्हणताना भाताचा विचार कोणाच्या मनात येतो? ‘मिताक्षरा’ हा धर्मशास्त्रावरचा टीकाग्रंथ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने तर ‘सपिंड’ या शब्दाची फोडही देहावरूनच केली : एकाच देहाचे अंश ज्यांच्यात उतरले ते सपिंड. देहावरून हा शब्द माणसाच्या घडणीपर्यंत आला, आणि मराठीत तो तिथे पक्का रुजला.

मुद्रितशोधनाच्या कामात सुरुवातीला मीही एका लेखातला ‘पिंड’ काढून ‘स्वभाव’ घातला होता. लेखकाने तो परत बसवला आणि समासात लिहिले, ‘स्वभाव तापट असतो, पिंड तापट नसतो.’ तेव्हापासून मी या शब्दाकडे नीट पाहू लागलो. पिंडाच्या आधी बहुधा माणसाची जात येते : कवीचा, संशोधकाचा, कार्यकर्त्याचा. राग, आळस, विसरभोळेपणा यांना स्वभाव किंवा खोड पुरते.

‘उपजत’ आला आहे उपजणे या क्रियापदावरून. ‘उपजे तें नाशे’ ही ज्ञानेश्वरीतली ओवी तुम्हाला आठवेल. म्हणून जन्मासोबत आलेल्या गुणाला तो शोभतो : उपजत बुद्धी, उपजत सुरेलपणा. (‘जन्मापासूनच उपजत’ मात्र लिहू नये, जन्म त्यात आलाच.) व्यंग असेल तर आपण ‘जन्मजात’ म्हणतो, उपजत नाही.

पिंडाचे तसे नाही, तो पोसलाही जातो. ‘संतवाङ्मयावर पोसलेला पिंड’ असे आपण सहज म्हणतो. ‘पोसलेली उपजत बुद्धी’ कानाला खटकते. तुमच्या सहकारी बाईंनी वर्षानुवर्षे वर्गात उभे राहून जे कमावले, ते ‘उपजत’ म्हटल्याने सगळे जन्माच्या खात्यावर जाते. मानपत्र अजून छापले गेले नसेल, तर मूळ वाक्य परत घाला.