गाडी थरथरते, पण गिअरबॉक्सच का उघडायचा?

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी ९५ हजार किलोमीटर धावली आहे. गेले दोन महिने ताशी ६५ ते ७५च्या दरम्यान, एक्सलरेटरवर पाय हलका असताना, गाडी दोन-तीन सेकंद थरथरते. रस्त्यावरच्या रम्बलरवरून गेल्यासारखं वाटतं, बाटलीतल्या पाण्यावर बारीक लाटा उठतात. पाय जरा जोरात दाबला की थांबतं. व्हील बॅलन्सिंग दोनदा झालं, अलाइनमेंट झाली, फरक शून्य. गॅरेजवाले आता म्हणतात, गिअरबॉक्स ओव्हरहॉल करा. करू का?
– एक वाचक

उत्तर : ताई, इतक्यात नको. बाटलीतल्या पाण्याचं लिहिलंत हे बरं केलंत, पण त्याहून कामाचं वाक्य तुम्ही जाताजाता लिहून गेलात : ‘पाय जोरात दाबला की थांबतं.’ तुमचा पाय पेडलवर किती दाबलाय हे चाकाला कळत नाही. टायर वाकडा असता तर त्या वेगाला तो थरथरलाच असता, पाय कुठेही असो. बॅलन्सिंगचे पैसे वाया गेले ते म्हणूनच.

तरी खात्री करून घ्या. सरळ, मोकळा रस्ता बघा. सत्तरच्या वेगाला थरथर सुरू झाली की पाय काढून लिव्हर फक्त ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर न्या. इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. थरथर तशीच राहिली तर दोष चाकं, बेअरिंग, एक्सल यांच्यात. थांबली तर इंजिन किंवा गिअरबॉक्सकडे वळायचं. माझा अंदाज, तुमची थांबेल.

आता खरी जागा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनची ताकद तेलामार्फत पुढे जाते. एका लयीत जाताना ही तेलाची मधली घसरण इंधन खाते, म्हणून आत एक लॉक-अप क्लच असतो. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडले जातात. तुम्ही लक्ष दिलंत तर दिसेल : वेग तोच, पाय तिथेच, आणि आरपीएमचा काटा आणखी एक गिअर पडल्यासारखा जरासा खाली येतो. तोच तो क्षण. हा क्लच नीट न धरता धर-सोड करू लागला की रम्बलरचा भास होतो. पाय दाबलात की बहुधा लॉक-अप सुटतो, म्हणून तुम्हाला आराम पडतो.

थरथर चालू असताना पाय एक्सलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. मागचा दिवा लागेल इतकाच, कारण दोन्ही पेडलं एकदम दाबली की काही गाड्या इंजिनची ताकदच कमी करतात. बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या स्विचने लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी गेली की बरेच मेकॅनिक निकाल देऊन टाकतात : कन्व्हर्टर गेला.

मीही एकदा दिला होता. गिअरबॉक्स उतरवला, कन्व्हर्टर बदलला, गाडी घेऊन निघालो, आणि सत्तरला तीच थरथर. शेवटी सापडली प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एक इग्निशन कॉइल, केसाएवढी चीर गेलेली. त्या गिऱ्हाइकाला मजुरी परत केली आणि आठवडाभर कुणाशी धड बोललो नाही.

झालं होतं असं की लॉक-अप सुटला की तेलाची गादी मध्ये येते आणि इंजिनचे धक्केही गिळून टाकते. म्हणजे दोष इंजिनात असला तरी ब्रेकची चाचणी गिअरबॉक्सकडेच बोट दाखवते. त्यात आकडेही फसवे. ताशी ७२ला, दोन मीटर घेराचं चाक सेकंदाला दहा फेरे घेतं. दीड हजार आरपीएमला चारपैकी एक सिलिंडर चुकत असेल तर धक्के बसतात सेकंदाला साडेबारा. सीटवर बसून दहा आणि साडेबारा वेगळे ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणून स्कॅनर लावून गाडी रस्त्यावर चालवायला सांगा, गॅरेजात उभी करून नाही. थरथर चालू असताना दोन गोष्टी बघायच्या : कुठल्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे ठिणगी किंवा जळण चुकणं, मोजला जातोय का, आणि कन्व्हर्टरची स्लिप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या फिरण्यातला फरक, स्थिर आहे की वर-खाली नाचतेय. मिसफायर दिसला तर प्लग आणि कॉइल. स्लिप नाचत असेल तर आधी ट्रान्समिशन ऑइल. जुन्या तेलातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली की क्लच असाच चरचरतो, आणि नुसत्या तेलबदलानेही गाडी सुधारलेली मी पाहिली आहे. मात्र गिअरबॉक्सखालचा तेलाचा चेंबर एकदा रिकामा केल्याने सगळं तेल निघत नाही. बरंच कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. थोडं चालवून पुन्हा बदलावं लागतं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, ‘सगळ्याला चालतं’ म्हणतात ते नको.

चेंबर उघडला की समोर उभ्या राहा. आतल्या लोहचुंबकावर करडा, बोटाला लोण्यासारखा लागणारा लेप असेल तर ती नेहमीची झीज. नखाला टोचतील असे तुकडे असतील, किंवा तेल गुलाबी दुधासारखं झालं असेल, म्हणजे रेडिएटरचं पाणी आत शिरलं असेल, तर मात्र ओव्हरहॉलवाल्यांशी मी वाद घालणार नाही.

प्रश्न : सिग्नलला ‘डी’मध्ये ब्रेकवर उभा असताना स्टिअरिंग थरथरतं. ‘एन’ केलं की शांत. हेही टॉर्क कन्व्हर्टरचंच का?
– दुसरे एक वाचक

उत्तर : बहुतेक नाही. ‘डी’मध्ये इंजिनवर ओझं येतं आणि ते आपल्या माउंटिंगवर, म्हणजे ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं त्यांवर, रेलतं. माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर थरथर सरळ बॉडीत उतरते. बॉनेट उघडून बाजूला उभे राहा, गाडीसमोर नाही. आत बसलेल्याने हँडब्रेक लावून, ब्रेक घट्ट दाबून ‘डी’, ‘एन’, ‘आर’ असं करावं. इंजिन उडी मारल्यासारखं उचललं गेलं तर माउंटिंग बदला. जागेवरून हललंही नाही, तर आयडल आरपीएम, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, कमी पडतोय का ते बघा. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी काजळली असेल तरी तसं होतं.