वहीशिवाय शिकवू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले आणि दोनदा वाचले. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी हातात आहे, घरचे बँकेच्या परीक्षांसाठी मागे लागले आहेत, आणि तुला मात्र समग्र आरोग्याच्या क्षेत्रात उतरायचे आहे. त्यासाठी २०० तासांचे योगशिक्षक प्रशिक्षण, आहाराचा ऑनलाइन अभ्यासक्रम, रेकी (हातांच्या स्पर्शाने उपचार) आणि ध्वनिचिकित्सा (नादाने उपचार) यांपैकी आधी काय करावे, असे तू विचारले आहेस. या क्षेत्राची थोरवी मी तुला सांगत बसत नाही. ती पटली आहे म्हणूनच तू लिहिलेस. माझे सांगणे एवढेच आहे की प्रमाणपत्रांचा क्रम लावण्याआधी एक सवय अंगी बाणव. तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाची लेखी नोंद ठेव: पहिल्या दिवसापासून, तारीख घालून, आकडे लिहून, आणि जे तुझ्या विरुद्ध जाते तेही न वगळता.

तुला हे कारकुनी काम वाटेल. माझ्या सोबतच्या अनेकांनाही तसेच वाटत आले आहे. पण माणसाला समग्रपणे पाहायचे म्हणजे त्याची झोप, भूक, शौच, चालू असलेली औषधे, घरातली काळजी आणि आधीची शस्त्रक्रिया हे सगळे एकत्र पाहायचे, आणि वर्गात तीस माणसे असताना एवढे सगळे डोक्यात राहणे अशक्य आहे. ज्याला काचबिंदू आहे त्याला शीर्षासन देता येत नाही, कारण डोक्यावर उभे राहिले की डोळ्यातला दाब वाढतो. ज्या बाईंची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांना पुढे खोल वाकवायचे नसते, कारण मणका दबून मोडू शकतो. ज्याचा रक्तदाब चढलेला आहे त्याला जोरजोरात कपालभाती करायला लावायची नसते. हे तू पुस्तकात शिकशीलच. पण समोरच्या रांगेतल्या नेमक्या कोणाला काचबिंदू आहे, हे तुला वहीच सांगेल.

एक उदाहरण देते. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक दम्यासाठी माझ्याकडे येत असत. श्वास जोरात फुंकून मोजायचे पीक फ्लो मीटर नावाचे साधे प्लास्टिकचे यंत्र मिळते; आकडा जितका मोठा तितका श्वास मोकळा. त्यावर सकाळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा, असा माझा नियम आहे. पहिल्या आठवड्यात त्यांचा आकडा ३१० च्या आसपास होता. पुढे ते रोज हसतमुखाने सांगू लागले, "बाई, फार हलके वाटते आहे, जिना एका दमात चढतो." इतरांनाही त्यांनी माझी शिफारस केली. वहीत मात्र आकडा ३१० वरून २९० वर, मग २६० वर आणि शेवटी २४० वर आला होता. मी त्यांना बाजूला बसवून खोदून विचारले, तेव्हा कळले की प्राणायाम सुरू झाल्यावर त्यांनी रोजचा पंप बंद केला होता. दम्याचा प्रतिबंधक पंप सोडल्याचा परिणाम लगेच जाणवत नाही, श्वासनलिकांची सूज हळूहळू पुन्हा वाढते, आणि तोवर माणूस आनंदात असतो. त्याच दिवशी मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांच्या कौतुकावर मी विसंबले असते तर काय झाले असते, याची कल्पना तू करू शकतेस.

म्हणून पुन्हा सांगते, लिहून ठेव. "बरे वाटते" हेही लिही, पण त्याच्या शेजारी आकडा लिही.

तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस, तेव्हा पुढची गोष्ट तुला मी समजावून सांगावी लागू नये. पाठदुखीचा माणूस आपल्याकडे येतो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. शिगेला पोचलेले दुखणे पुढच्या काही आठवड्यांत बहुधा आपोआपच थोडे उतरते. त्या उताराचे श्रेय योगशिक्षक घेतो, मालिश करणारा घेतो, खडे विकणाराही घेतो. प्रयोगशाळेत तू नियंत्रण नमुना, म्हणजे प्रयोग न केलेला तुलनेचा नमुना, ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढत नव्हतीस. मग माणसांच्या बाबतीत तो विवेक दाराबाहेर ठेवून का यायचे? वर्गात नियंत्रण नमुना ठेवता येत नाही हे खरे. निदान आधीचे काही आठवडे, नंतरचे काही महिने आणि मधूनच सोडून गेलेली माणसे, एवढे तरी कागदावर असावे. सोडून गेलेल्यांची नोंद तर कोणीच ठेवत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत जास्त शिकवते.

हा हट्ट मी कुठून परका आणलेला नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या आणि घुसळण्याच्या क्रिया करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले. प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, हे वाक्य तुला प्रत्येक शिबिरात ऐकू येईल. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वसनातच ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते, आणि कुवलयानंदांच्या मोजमापांतूनही तो समज खरा ठरला नाही. योगासाठी आयुष्य वाहिलेल्या माणसाने योगाला सोयीचा दावा स्वतः मोजून बाजूला ठेवला, आणि तरीही प्राणायाम सोडला नाही. मला ती परंपरा हवी आहे आणि तुझ्याकडूनही तीच अपेक्षा आहे.

याच्या उलट घडलेलेही मी पाहिले आहे, आणि ते मनातून जात नाही. ज्यांच्याकडे मी शिकले त्या गुरुजींच्या हाताखालून दम्याची, पाठीची, निद्रानाशाची असंख्य माणसे गेली. कोणाला काय दिले, कोणाला काय सोसले नाही, हे सगळे त्यांच्या बोटांत आणि नजरेत होते. ते गेले आणि त्यांच्यासोबत ते सगळे गेले. घरात एक कागदही निघाला नाही. आम्ही शिष्य आज "गुरुजी असे करत" म्हणून भांडतो, कारण पाहायला काहीच नाही.

या हट्टापायी माझी नोकरीही गेली. एका मोठ्या केंद्रात 'मधुमेहमुक्ती' असा फलक लावायचे ठरले आणि अनुभव म्हणून माझ्या वर्गातली नावे हवी होती. मी नोंदी पुढे ठेवल्या: काहींची साखर उतरली होती, बऱ्याच जणांची जागच्या जागी होती, काहींची वाढली होती. एवढ्या तपशिलाची गरज नाही, असे मला सांगण्यात आले, आणि मी राजीनामा दिला. औषधाने किंवा चमत्कारी उपायाने मधुमेह, कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. आपण औषध देत नसलो तरी त्यामागचा विचार आपल्यालाही बांधतो. मला पुष्कळांनी हेकट म्हटले. व्यवहार कळत नाही, असेही म्हटले. घरभाडे थकले तेव्हा तसे म्हणणाऱ्यांत माझे आप्तही होते. तरी आज तो प्रसंग पुन्हा आला तर मी तेच करीन, कारण त्या फलकाला भुलून एखाद्याने इन्सुलिन बंद केले असते तर त्याचा जीव धोक्यात आला असता.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. या क्षेत्रात राहून निदान आणि उपचार करायचे असतील तर बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) किंवा बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योगाची पदवी) हाच मार्ग आहे. दोन्ही पदव्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांच्या आहेत. तेवढा पल्ला नको असेल तर योगाची पूर्ण वेळची पदविका कर आणि आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणीकरण मंडळाची परीक्षा दे. आहारशास्त्र शिकायचे तर विद्यापीठात शिक. रेकी आणि ध्वनिचिकित्सा तूर्त राहू दे. एक विद्या पचल्याशिवाय दुसरी घेऊ नये. उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात, जो गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला, काही दिवस राहून माणसांची दिनचर्या कशी बदलते ते पाहून ये.

पदविका चालू असताना शनिवार-रविवार माझ्या वर्गावर यायचे असेल तर जरूर ये, पण सुरुवातीला आसने शिकवायला मिळणार नाहीत. रक्तदाब घ्यायचा: माणसाला पाच मिनिटे स्वस्थ बसवून, पाय जमिनीला टेकवून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू झाली नाही ना हे विचारून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. मग जवळ बसून ऐकायचे आणि लिहायचे. पाठदुखीसोबत लघवीवरचा ताबा सुटला आहे किंवा बैठकीची जागा बधिर झाली आहे असे कोणी सांगितले तर वही मिटून त्याच क्षणी रुग्णालयात पाठवायचे, मला विचारायलाही थांबायचे नाही. वह्या कुलपात राहतील आणि त्यातले नाव घरीही काढायचे नाही.

हे मान्य असेल तर कळव. वडिलांना माझ्याशी बोलायचे असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन करू देत. बँकेची परीक्षा देऊ नकोस असे मी त्यांना सांगणार नाही, कारण पहिली काही वर्षे या कामात पोटापुरते मिळेलच याची हमी मी देऊ शकत नाही.

तुझी,
बाई