टेबलं दोन, सामना एक

करोनाच्या टाळेबंदीत क्लब आणि पार्लर बंद होते. ज्यांच्या घरी किंवा सोसायटीत पूलचं (बिलियर्ड्ससारख्या खेळाचं) टेबल होतं, त्यांनी मात्र लांबच्या जोडीदाराशी फोनच्या व्हिडिओवरून सामने सुरू केले. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या क्लबहाऊसमध्ये एका वेळी एकालाच सोडतात. माझा नेहमीचा जोडीदार नाशिकला आहे. एकेकट्याने खेळून खरी लढत होऊ शकते का? (ठाणे)

होऊ शकते. दोघांनीही ‘घोस्ट’विरुद्ध, म्हणजे कधीच न चुकणाऱ्या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खेळायचं. नाइन-बॉलचा रॅक (एक ते नऊ आकड्यांचे बॉल एकत्र) लावा, ब्रेक करा, म्हणजे पहिल्या फटक्याने तो फोडा. ब्रेकवर पडलेले बॉल पडलेलेच राहतात. मग व्हाइट (क्यूने, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल) हातात घेऊन हवा तिथे ठेवा आणि सर्वांत लहान आकड्यापासून क्रमाने नऊपर्यंत टेबल साफ करा. साफ झालं तर फ्रेम (एका रॅकचा खेळ) तुमची. एक बॉल हुकला किंवा फाऊल झाला की फ्रेम घोस्टची. एक फ्रेम तुम्ही, एक त्याने, असं आळीपाळीने खेळा. सलग दहा फ्रेम उरकून नुसता आकडा कळवला तर सामन्याचा ताण येतच नाही, आणि ताणाशिवाय ती फक्त प्रॅक्टिस होते.

दोन गोष्टी आधी ठरवा. ब्रेकवर नऊ पडला तर तो स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) परत ठेवून पुढे खेळावं, कारण तो बहुतेक वेळा नशिबाने पडतो. ब्रेकवर व्हाइट पॉकेटात गेला तर फ्रेम घोस्टला द्यावी, नाहीतर बेफाम ब्रेकला काही किंमतच उरत नाही.

नऊ बॉल जड जात असतील तर सहा किंवा पाचच लावा. दहातल्या चार-पाच फ्रेम निघतील इतकेच बॉल हवेत. दोघांचेही आकडे शून्य-एकवर अडकले तर सरस कोण ते कळणार नाही. एकाचा हात चांगला असेल तर त्याने सात, दुसऱ्याने पाच बॉल लावायलाही हरकत नाही.

प्रश्न : माझं टेबल ८ फुटी, न्यू जर्सीतल्या मावसभावाचं ९ फुटी. हा सामना न्याय्य कसा करायचा? (पुणे)

आधी दोन्ही टेबलं मोजा. ९ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० × ५० इंच असते, ८ फुटीची ८८ × ४४ इंच. लांबीपेक्षाही पॉकेटांचा फरक जास्त महागात पडतो. तो बघायची सोपी रीत अशी : पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे दोन बॉल शेजारी-शेजारी ठेवले की बरोबर साडेचार इंच होतात. कोपऱ्यातल्या पॉकेटाच्या दोन टोकांमध्ये ते जेमतेम बसत असतील तर पॉकेट स्पर्धेच्या मापाचं आहे. मध्ये बोट घालता येत असेल तर ते सैल आहे आणि कुशनला घासून आलेला बॉलही आत घेईल.

हा फरक घोस्टच्या आकड्यांतून वजा करता येत नाही. तुमच्यासाठी ‘इक्वल ऑफेन्स’ हा प्रकार बरा. पंधरा बॉलचा रॅक लावून मोकळा ब्रेक करा. ब्रेकवर पडलेले बॉल परत स्पॉटवर ठेवा आणि व्हाइट ब्रेकच्या रेषेमागे घ्या. मग कोणताही बॉल, पण बॉल आणि पॉकेट आधी सांगून मारायचा, प्रत्येकी एक गुण. चौदा गेले की पंधरावा तसाच ठेवून चौदांचा रॅक पुन्हा लावायचा आणि पुढे चालू. हुकलात किंवा फाऊल झाला की डाव संपला. वीस गुण झाले तरी डाव थांबतो. असे दहा डाव म्हणजे एक फेरी, जास्तीत जास्त २०० गुण.

सामन्याआधी दोघांनी आपापल्या टेबलावर अशा पाच फेऱ्या कॅमेऱ्यासमोर खेळून सरासरी काढा. सामन्यात मोजायचं ते सरासरीच्या वर किती गेलात एवढंच. तुमची सरासरी ८० आणि त्या दिवशी ९५, त्याची १२० आणि त्या दिवशी १२६, तर १५ विरुद्ध ६ असे तुम्ही जिंकलात. दर सामन्यानंतर शेवटच्या पाच फेऱ्यांची नवी सरासरी धरा. टेबलाच्या मापाचा हा वाद जुनाच आहे. अमेरिकी पूलपटू विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये सलग ५२६ बॉल टाकले ते ८ फुटी टेबलावर, जॉन श्मिट यांनी २०१९ मध्ये ६२६ टाकले ते ९ फुटीवर. त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या उन्हाळी वेळेत (मार्च ते नोव्हेंबर) न्यू जर्सी साडेनऊ तास मागे असतं. तेव्हा तुमचे सकाळचे सात म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ.

प्रश्न : फोनवर व्हाइट नुसता पांढरा डाग दिसतो आणि मधली पॉकेटं दिसतच नाहीत. (मडगाव)

फोन फार खाली आहे. रॅक लावतो त्या टोकाच्या कोपऱ्यामागे, जमिनीपासून सात-आठ फुटांवर तो पक्का करा. खिडकीच्या ग्रिलला क्लॅम्प लावला किंवा उंच कपाटावर ठेवला तरी चालतं. सहाही पॉकेटांची तोंडं चौकटीत आली पाहिजेत. बॉलचा डाग होतो, कारण कॅमेरा खोलीतला अंधार बघून उजेड वाढवतो आणि दिव्याखालचा बॉल जळतो. स्क्रीनवर टेबलाच्या कापडावर बोट दाबून उजेड लॉक करा, मग थोडा कमी करा.

व्हिडिओचा दर्जा ७२०पी पुरेसा आहे. ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) पाठवलंत तर तासाला सुमारे १.८ जीबी जातात, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये सामना अर्ध्यात तुटू शकतो. वायफाय नसेल तर २.५ एमबीपीएसवर आणा, तासाला साधारण १.१ जीबी लागतील. फोन चार्जरला लावलेला असू द्या. यूट्यूबवर पहिल्यांदाच लाइव्ह करणार असाल तर परवानगीला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आदल्या दिवशीच सोय करा.

प्रश्न : दोन बॉल जवळ असताना डबल हिट (क्यू व्हाइटला दोनदा लागणं) झाला की नाही, हे व्हिडिओवरून कसं ठरवायचं? (नागपूर)

धडक बघून ठरणार नाही. क्यूची टिप (टोक) बॉलला साधारण एक मिलिसेकंदच टेकते, आणि सेकंदाला ६० चित्रांच्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये सोळा मिलिसेकंदांहून जास्त अंतर असतं. त्यामुळे व्हाइट कुठे गेला ते बघा. दोन बॉलमधलं अंतर खडूच्या ठोकळ्यापेक्षा कमी असेल आणि व्हाइट समोरच्या बॉलच्या जागेपलीकडे अर्ध्या बॉलहून जास्त पुढे गेला, तर फाऊल धरा. बाकी घोस्टमध्ये वाद मुळातच थोडे होतात. बॉल गेला नाही की फ्रेम संपलीच, त्यामुळे कुशन लागली की नाही हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : प्रत्येक शॉटनंतर दोन्ही टेबलांवर सारखी मांडणी करून एट-बॉल खेळता येईल का? (औरंगाबाद)

पूर्ण सामना खेळू नका. कडेच्या खुणांवरून जागा सांगितली तर डोळ्याने खुणेच्या दहाव्या भागापर्यंतच अंदाज येतो. ९ फुटी टेबलावर तो दहावा भाग सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या बॉलहून जास्त. एवढ्या चुकीने तिकडे उघडा असलेला बॉल इकडे झाकला जातो. टेबलं लहान-मोठी असतील तर आणखी अडचण : अंतरं प्रमाणात लहान होतात, बॉल मात्र तेवढाच राहतो.

सेफ्टीची, म्हणजे पुढच्याला सरळ शॉट मिळू नये असा व्हाइट ठेवण्याची चुरस मात्र अशी खेळता येते. तीन-तीन बॉलच्या पाच मांडण्या ठरवा, दोन्ही कुशनपासून टेपने मोजून जागा काढा आणि फाईलच्या भोकांना लावायच्या गोल कागदी चकत्या तिथे चिकटवा. प्रत्येकाला दर मांडणीवर तीन शॉट. समोरचा बॉल व्हाइटवरून सरळ दिसत नसेल तर दोन गुण, नुसता कडेने दिसत असेल तर एक.

प्रश्न : पावसाळ्यात टेबल जड झालंय, शिवाय सगळे तेच बॉल वापरतात. (मुंबई)

दमट हवेत कापड ओल धरतं आणि बॉल लवकर थांबतात. सामन्याआधी कापड एकाच दिशेने ब्रश करा आणि खेळायच्या तासभर आधी पंखा किंवा एसी सुरू ठेवा. बॉल कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून धुवा आणि पूर्ण कोरडे करा. खडू माखलेले बॉल एकमेकांना जास्त ओढतात आणि कट शॉट (तिरका शॉट) जाड बसतो, म्हणजे बॉल हवा तेवढा तिरका जात नाही. कापडावर सॅनिटायझर फवारू नका, डाग पडतात. क्यू आणि खडू प्रत्येकाने आपापलाच आणावा.