सेंडर, सेन्सर, स्विच: सगळेच ‘तापमान संवेदक’ का?

आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या मुलांसाठी जुन्या ट्रकांवर मराठी टिपणे लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: इंजिनाच्या पाण्याचे तापमान टिपणाऱ्या ‘टेम्परेचर सेंडिंग युनिट’ (सेंडर) आणि ‘टेम्परेचर सेन्सर’ या दोन्हींना ‘तापमान संवेदक’ म्हटले तर चालेल का? की सेंडरला ‘प्रेषक’ म्हणावे?

दोन्हींना एकच नाव देऊ नका, कारण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि कधीकधी एकाच इंजिनावर एकत्र नांदतात. १९८७ नंतरच्या काही वर्षांतल्या शेवरोले पिकअपच्या पेट्रोल इंजिनांत एकाच तारेचा सेंडर सिलिंडर हेडमध्ये बसवलेला असतो, तो फक्त डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हलवतो. दोन तारांचा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागावर) असतो, तो इंधन किती सोडायचे हे ठरवणाऱ्या संगणकाला तापमान कळवतो. काटा मेला म्हणून कुणी सेन्सर बदलला तर पैसे जातात आणि काटा तसाच पडून राहतो. दोन्हींना ‘संवेदक’ म्हणणारे टिपण मुलांना नेमके हेच करायला लावील.

आपल्याकडच्या यांत्रिक इंधनपंपाच्या जुन्या डिझेल ट्रकांत संगणकच नसतो. तिथे खरी गल्लत सेंडर आणि इशाऱ्याच्या दिव्याचा स्विच यांच्यात होते. दोन्ही पितळी, दोन्हींना बहुधा एकच तार, दोन्ही थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) आसपास. तार काट्याकडे जाते की दिव्याकडे, हे आधी पाहावे. ते कळत नसेल तर इंजिन थंड असताना तार काढून टर्मिनल आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. सेंडर काहीतरी रोध दाखवतो. दिव्याचा स्विच सहसा उघडा असतो, म्हणजे मीटर काहीच दाखवत नाही. पाणी फार तापले की तो जोडला जातो आणि दिवा लागतो. स्विचला ‘संवेदक’ म्हणणे तर सरळ चूकच, त्याला फक्त हो आणि नाही एवढेच कळते.

आता ‘प्रेषक’. पाकिटाच्या कोपऱ्यात हा शब्द ठीक दिसतो, इंजिनावर नाही. शिवाय हा सेंडर काही ‘पाठवत’ नाही. काट्याच्या मीटरमधून आलेला विद्युतप्रवाह तो इंजिनच्या बॉडीत उतरू देतो, म्हणजे अर्थिंग देतो. पाणी तापले की आतल्या थर्मिस्टरचा (तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या भागाचा) रोध कमी होतो, प्रवाह वाढतो, काटा चढतो. म्हणूनच बहुतेक गाड्यांत चावी चालू ठेवून सेंडरची तार क्षणभर बॉडीला टेकवली की काटा थेट गरमच्या टोकाला जातो. तसे झाले तर मीटर आणि तार ठीक, संशय सेंडरवर. (जास्त वेळ टेकवून ठेवू नये, मीटर जळू शकते.) सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि नवाकोरा सेंडरही खोटे सांगतो, हेही टिपणात घाला.

आणखी एक शब्द राहिला, ‘बल्ब’. बऱ्याच जुन्या गाड्यांत विजेचा संबंधच नसतो. इंजिनात बसणाऱ्या धातूच्या बल्बात लवकर उकळणारा द्रव असतो, त्याच्या वाफेचा दाब बारीक तांब्याच्या नळीतून मीटरपर्यंत जातो. नळी तुटली की अख्खा संच बदलायचा, तार शोधत बसायचे नाही. मुले ‘बल्ब’ म्हटल्यावर दिवाच समजतील, तेव्हा पहिल्यांदा ‘नळीचा बल्ब’ लिहावे.

माझे मत असे: काट्याचा तो सेंडर, दिव्याचा तो स्विच, संगणकाचा तो सेन्सर. ‘संवेदक’ शब्द ठेवायचाच असेल तर फक्त शेवटच्यासाठी ठेवा, आणि तोही पहिल्या उल्लेखात ‘सेन्सर’च्या जोडीने. दुकानात सुटा भाग मागताना मुलांच्या तोंडी ‘सेन्सर’च येणार आहे.