लाकडावर चालणारं फायरप्लेस इन्सर्ट (फायरप्लेसच्या खोबणीत बसवायची लोखंडी पेटी) स्वस्तात घ्यायचं आहे. ३०० डॉलरचं जुनं घेऊ का? एकूण बजेट ३,००० डॉलर.

तुमचं न्यू हॅम्पशायरमधलं घर जुनं आहे, फायरप्लेस विटांचं आहे आणि ३०० डॉलरच्या त्या इन्सर्टवर कसलंही लेबल नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते घेऊ नका. का, ते आमच्याच घरातल्या अनुभवावरून सांगतो.

मी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने बसवलेलं असंच एक इन्सर्ट होतं. थंडी पडायच्या आत चिमणी साफ करणाऱ्याला बोलावलं. आम्ही दोघांनी ती लोखंडी पेटी ओढून बाहेर काढली, तर वरून काही जोडलेलंच नाही! नुसती खोबणीत सरकवलेली, आणि धूर विटांच्या रुंद धुराड्यात मोकळा सोडलेला. टॉर्च मारून पाहिलं, तर आत डांबर ओतल्यासारखा काळा, चकचकीत थर. त्याने जोर लावून ब्रश फिरवला, पण एक कपचीसुद्धा सुटली नाही. हे क्रिओसोट. रुंद धुराड्यात धूर रेंगाळतो, थंड होतो आणि भिंतींवर असा धरतो. त्याने पेट घेतला की चिमणीच आतून जळायला लागते. त्या चिमणीला लागूनच वर मुलांची खोली आहे. तो थर पाहून माझे हातपाय गार पडले होते.

म्हणून हिशोब पेटीपासून नको, धुराड्यापासून सुरू करा. इन्सर्टच्या तोंडापासून चिमणीच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे धुराड्याच्या आतून जाणारा नळ, हवाच. बहुतेक इन्सर्टना तो ६ इंच व्यासाचा लागतो. त्याला इन्सुलेशनचं वेष्टण घाला, विशेषतः चिमणी बाहेरच्या भिंतीला असेल तर. मी २०२१ मध्ये नवीन इन्सर्ट घेतलं, त्याचे १,९०० डॉलर पडले. लायनर, वेष्टण आणि वरची टोपी मिळून जवळपास ९०० गेले. तपासणी, साफसफाई आणि बसवण्याची मजुरी वेगळी. तेव्हा ३,००० मध्ये ओढाताण होईल, पण काटकसर करायची तर पेटीत करा. काचेभोवतीची नक्षी, रंगीत एनॅमल, मोठं नाव, हे सगळं सोडता येतं. क्यूबेकमध्ये बनणारी ड्रोले कंपनीची साधी मॉडेलं बघा, दिसायला अगदी साधी आहेत, पण काम चोख करतात. वसंतात हंगाम संपला की दुकानातले मांडलेले किंवा ओरखडा पडलेले नग कमी किमतीत निघतात.

नव्या पेटीवर ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं लेबल असतं. मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या स्टोव्हला तासाला २ ग्रॅमची धूलिकणांची मर्यादा आहे (खऱ्या सरपणावर चाचणी घेतली असेल तर २.५). कमी धूर म्हणजे धुराडं स्वच्छ आणि तेवढ्याच लाकडात जास्त ऊब. जुनंच घ्यायचं असेल तर या नियमानंतरचं, लेबल वाचता येणारं आणि माहितीपुस्तक मिळणारं घ्या. अमेरिकी सरकारच्या ३० टक्के करसवलतीवर मात्र विसंबू नका. ती ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या स्टोव्हना लागू नाही.

दुकानात जाण्याआधी मापं घ्या: पुढची रुंदी, मागची रुंदी, उंची पुढून आणि मागून, खोली. खोबण मागे निमुळती होत जाते आणि तिथेच लोक फसतात. समोर न जळणारी फरशी किती पुढे हवी, तेही माहितीपुस्तकात दिलेलं असतं. तुमचं फायरप्लेस खरंच विटांचंच आहे ना, हेही एकदा पाहा. बाहेरून विटा लावलेली, आतून पत्र्याची कारखान्यातली पेटी असेल, तर तिच्यात हवं ते इन्सर्ट बसवता येत नाही.

बसवणाऱ्याला डॅम्परच्या (धुराडं उघडायच्या-मिटायच्या झडपेच्या) जागी पत्रा लावायला आणि त्यावर रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरायला आवर्जून सांगा. बरेच जण हे टाळतात आणि मग बरीच ऊब चिमणीतच अडकून राहते. पेटी थोडी पुढे आलेली घ्या. बर्फाच्या वादळात वीज गेली की ऊब खोलीत ढकलणारा इन्सर्टचा पंखा बंद पडतो, तेव्हा तो पुढे आलेला भागच खोली गरम ठेवतो. गावाच्या बिल्डिंग खात्याचा परवाना काढा, विमा कंपनीला कळवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

आता सरपण. विकणारे ‘वाळलेलं’ म्हणतात, पण तेवढ्यावर जाऊ नका. २५-३० डॉलरचं ओलावा मोजायचं यंत्र घ्या, एक ओंडका मधून फोडा आणि ताज्या फोडीवर टोचा. २० टक्क्यांच्या खाली आकडा हवा. माझ्याकडे आलेल्या पहिल्या गाडीतला ओक ३४ दाखवत होता. पेटवला तर टोकांतून पाणी फसफसत होतं आणि काच तासाभरात काळी पडली. ओक फोडून रचला की वाळायला दोन वर्षं लागतात, ॲश झाडाचं लाकूड त्यापेक्षा लवकर वाळतं. इन्सर्ट पुढच्या वर्षी घेणार असाल तरी लाकूड आत्ताच मागवा, वरून झाका आणि बाजू वाऱ्याला उघड्या ठेवा.

खोबणीची पाचही मापं आणि चिमणीची उंची इथे लिहिलीत, तर कोणत्या आकाराची पेटी बसेल ते बघून सांगतो.